फार शांत चालणारं इंजिन

काच पूर्ण लावू नकोस, गणराज. चार बोटं उघडी राहू दे. थंडी आहे, कळतंय मला. पण बस उभी आहे आणि इंजिन चालू आहे. बंद केलं तर ही बॅटरी पुन्हा उचलायची नाही, मग रात्रभर इथंच. पुढं तळेगाव चौकापर्यंत एक गाडी हलत नाहीये, कांद्याचा ट्रक आडवा झालाय म्हणतात. झोपायचं तर झोपा. सेकंड शिफ्ट करून आलेल्या माणसाला जागं राहा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फक्त ती काच तेवढी...

काय म्हणालीस, दिव्या? हिंदुरावकाका, एवढं काय त्या काचेचं?

सांगतो. गाडी हलेस्तोवर दुसरं करायचं काय.

तुमच्याच कंपनीत सदाशिव गुंजाळ म्हणून एक जण होता. इंजिन टेस्टिंगला. तुम्ही लागायच्या आधीची गोष्ट. मूळचा अंबाजोगाईकडचा, इथं महाळुंग्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचा. बायको चित्रा, दोन मुली. माझ्या मागच्याच सीटवर बसायचा आणि बस गेटबाहेर पडायच्या आत त्याची मान खाली गेलेली असायची. त्या माणसाला मी ताजातवाना असा कधी पाहिलाच नाही. शिफ्ट बदलायची, झोप बदलायची, अंगाला सवय लागेपर्यंत परत शिफ्ट बदललेली. तुम्हाला काय सांगायचं ते. तुम्ही तेच भोगताय.

पण त्याला एक नाद होता. जुन्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं. कंपनीत लागायच्या आधी तो पिंपरीत एका गॅरेजला होता, तिथं असल्या गाड्या यायच्या. शेवरलेट, ब्युइक, असल्या. हौशी लोकांच्या. ते काम जाणणारी माणसं आता हाताच्या बोटांवर उरलीत, म्हणून कुठून कुठून त्याला फोन यायचे.

एकदा बसमध्येच मी त्याला विचारलं, एवढं काय असतं रे त्या जुन्या इंजिनात? तर म्हणाला, काका, त्या जमान्यात बऱ्याच गाड्यांचे व्हॉल्व्ह इंजिनाच्या कुशीला असायचे. ह्या गाड्यांनी ते डोक्यावर नेले. खाली फिरतो तो दांडा, वर बसलेत व्हॉल्व्ह, मध्ये लांब लांब सळया. सळई वर येते, रॉकर नावाचा छोटा हात उचलते, तो हात व्हॉल्व्हला खाली दाबतो. मळ्यातल्या विहिरीवर पाणी उपसायला आडवा वासा असायचा, तसं. एक टोक वर, एक टोक खाली. आता त्या हाताच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये नखाएवढी फट ठेवायची असते. तीच सगळी कला. लोखंड तापलं की वाढतं, म्हणून ती फट गरम इंजिनावर मापायची, आणि ह्या जुन्या इंजिनाची तर चालू इंजिनावर. रॉकर नाचत असतात, वर तेल उडत असतं, आणि तुम्ही पातळ पत्ती आत सरकवून स्क्रू फिरवायचा.

मी म्हटलं, आणि फट जास्त राहिली तर?

तर वाजतं. टिक टिक टिक. मालक तक्रार करतो, आवाज येतो म्हणून. पण काका, वाजणारा व्हॉल्व्ह जगतो. फट कमी पडली की तो गप्प होतो. ऐकायला गोड लागतं, पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि आतल्या आत जळतो. फार गप्प झाला की मला भीती वाटते.

एवढं बोलून तो झोपला.

तर त्याला एकदा विजयश्रीताई म्हणून एका बाईंचा फोन आला. पिंपळे सौदागरला राहतात, शाळेत शिकवतात. त्यांचे मिस्टर, अवधूत नाव, चाकणच्याच एका कंपनीत डिझाइनला होते. त्यांनी हौसेनं एक जुनी शेवरलेट घेतली होती, सहा सिलिंडरची. महाळुंग्याच्या मागच्या अंगाला त्यांचा छोटा प्लॉट होता, त्यात पत्र्याची शेड, शेडमध्ये ती गाडी. मिस्टर वारले आणि गाडी तिथंच राहिली. आता प्लॉट शेजारच्या कारखान्याला दिलेला, शेड पडणार. कोल्हापूरचा एक शौकीन माणूस गाडी न्यायला तयार होता, पण चालू करून ऐकवली तरच. नाहीतर भंगारवाला होताच.

बाई म्हणाल्या, "ती कापली जाऊ नये, एवढंच मला पाहिजे. त्यांनी फार जीव लावला होता तिला."

सदाशिव म्हणाला, करतो.

त्या आणखी एक म्हणाल्या. "दिवसा करा. रात्री नका थांबू तिथं."

आता दिवस कंपनीचा. सदाशिवनं रविवार घातले, सुट्ट्या घातल्या. वरच्या रॉकरला तेल नेणारी नळी काळ्या गाळानं ठार बंद झालेली. वर तेलाचा थेंब पोचत नव्हता, रॉकर कोरडे पडून गंजलेले. त्यानं सगळं उतरवलं, रॉकेलमध्ये धुतलं, बारीक तारेनं एक एक भोक मोकळं केलं. गाडी चालू झाली त्या दिवशी मला फोन करून ऐकवली त्यानं. फोनमधून नुसती टिकटिक. म्हणाला, तेल पोचलं काका वर. आता नुसती फट लावायची राहिली.

तेवढीच राहिली होती.

दोन हजार एकवीस साल. डिसेंबरची अठरा तारीख, शनिवार. दत्तजयंती होती, पौर्णिमा. कोल्हापूरचा माणूस रविवारी सकाळी येणार होता. सदाशिवनं शनिवारी फर्स्ट शिफ्ट केली, वर ओव्हरटाइम केला, घरी येऊन दोन घास खाल्ले. चित्रा म्हणाली, सकाळी लवकर उठून जा की. तो म्हणाला, इंजिन तापायलाच वेळ लागतो, सकाळी पाहुणा दारात असेल. तासाभरात येतो. कानटोपी घातली, हत्यारांची पिशवी घेतली आणि निघाला.

रस्ता काही भयाण नव्हता बरं का. दोन्ही बाजूंना कारखाने, दिवे, आत प्रेस चालू असल्याची धाप धाप. प्लॉटच्या शेजारच्या कारखान्याचा वॉचमन खंडू, इथलाच, म्हातारा माणूस, गेटवर शेकोटी करून बसलेला. त्याला राम राम घातला. देवळातून भजनाचा आवाज येत होता. चांदणं तर असं की बॅटरी लागू नये.

शेडचं शटर त्यानं पार वर ढकललं. त्याला ते सांगावं लागत नव्हतं. टेस्टिंगचा माणूस, धुराचं त्याला माहीत. गाडी चालू केली, बॉनेटची डावी बाजू उघडली. त्या गाड्यांचं बॉनेट मधून उघडतं, पक्ष्याच्या पंखासारखं, डावीकडून वेगळं, उजवीकडून वेगळं. उजवी बाजू बंदच होती. इंजिन तापेपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला. चहा प्याला. बारा व्हॉल्व्ह, सगळे वाजत होते. नुसता कल्लोळ.

मग त्यानं पत्ती घेतली आणि पुढून सुरुवात केली. पहिला लागला. दुसरा लागला. तिसऱ्याला पत्ती फटीत जाईना. डोळ्यांपुढं रॉकर दोनाचे चार दिसायला लागले. त्यानं कपाळ मडगार्डला टेकवलं. नुसतं टेकवलं, असं तो सांगतो.

तर पलीकडून आवाज आला.

"थकलात."

गाडीच्या पलीकडून. बॉनेटच्या बंद बाजूकडून. सदाशिवला वाटलं खंडू आलाय ऊब घ्यायला. डोकं न उचलता म्हणाला, "हो ना. लई झालंय. दोन रात्री झोप नाही."

"मलाही नाही मिळायची," तो आवाज म्हणाला. "दिवसभर कंपनी, रात्री हे."

सदाशिवला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसतं. दिवसभराचा शिणलेला माणूस दुसऱ्या शिणलेल्या माणसाशी बोलतो तसंच ते बोलणं.

"टेका जरा मागच्या सीटवर," आवाज म्हणाला. "उरलेले मी बघतो."

आणि सदाशिव मागं गेला. तोच म्हणतो, काका, आयुष्यात मला असं कोणी म्हटलंच नव्हतं हो. कंपनीत नाही, घरी नाही. तू टेक, मी बघतो. मी विचारलंसुद्धा नाही, तुम्ही कोण. मागचं दार उघडलं आणि आत बसलो. जुनी सीट, स्प्रिंगची. अंग असं आत गेलं...

डोळे मिटले त्यानं. कान उघडे. ते कान मिटत नाहीत त्याचे.

समोर टिकटिक चालू. मग एक आवाज कमी झाला. कोणीतरी स्क्रू फिरवला, तिसरा गेला. थोडा वेळ गेला. चौथा. हात चांगला आहे, सदाशिवला वाटलं. अंदाज न घेता लावतोय. पाचवा. सहावा. अंगावरून कुणी गोधडी ओढत आणावी तसं एक एक आवाज मिटत होता. डोकं जड झालेलं. कपाळात ठणका, पण तोही लांबून कुठून तरी. बरं वाटत होतं.

भजन थांबलंय, हे त्याच्या ध्यानात आलं. संपलं असेल.

सातवा. आठवा.

प्रेसची धाप धापही नव्हती.

नववा.

त्यानं पापणी उचलली. चांदणं नव्हतं. शेडच्या तोंडाशी जिथं चांदणं पडलं होतं तिथं... काळं. शटर खाली होतं. त्यानं पाहिलं, त्याला कळलं, आणि काही वाटलं नाही. एवढा थकवा. दार बंद दिसतंय, आत गाडी चालू आहे, आणि मनात येतंय, असू दे.

दहावा.

अकरावा.

एकच राहिला. टिक. टिक. टिक.

मग तोही...

इंजिन चालू होतं. सीट थरथरत होती. आवाज नव्हता. काहीच नाही. लोण्यासारखं.

आणि ह्या माणसाला, पोरांनो, मरायला टेकलेल्या ह्या माणसाला आठवलं काय, तर आपलं काम. बाराच्या बारा गप्प नसतात. नसावेत. त्यानं ओठ हलवले. "अहो... एवढं टाइट नका करू. जळेल ते."

समोरून उत्तर आलं नाही.

उत्तर शेजारून आलं.

सीटवर. त्याच्या शेजारी. कानाला लागून.

"जळू दे. झोपा आता."

...

त्यानं मान वळवली नाही. मी विचारलं होतं त्याला, पाहिलंस का रे? नाही म्हणाला. सीट तिकडून खाली गेलेली कळत होती. आपण तिकडं कलतोय, हे कळत होतं. तिकडं बघायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

पाय नव्हते. हात होते. पुढच्या सीटची पाठ धरली. अंग वर ओढलं. पडला पुढच्या सीटवर, तोंडावर. किल्ली चाचपली. फिरवली.

इंजिन थांबलं... असं त्याला वाटतं. आवाज आधीच नव्हता. कसं कळणार?

दार. जमीन. कोपरांवर सरकत गेला. मागं सीटची स्प्रिंग वाजली. एकदाच. कोणी उठताना वाजते तशी. की कूस बदलताना.

शटरखाली बोटं घातली. वीतभर उचललं. तोंड फटीला लावलं.

...

खंडूला बोटं दिसली. शटरखालून बाहेर आलेली चार बोटं, चांदण्यात. तो देवळात प्रसादाला जाऊन तेवढ्यात परत आला होता. धावत गेला, शटर उचललं, आतला धूर एकदम बाहेर आला म्हणे. सदाशिवला ओढून रस्त्यावर आणलं आणि त्याच्याच फोनवरून चित्राला लावला. तिनं मला. मी माझी गाडी काढली आणि त्याला चाकणच्या दवाखान्यात नेला. रस्ताभर मी त्याला हाका मारत होतो. तो मागं पडलेला, आणि सारखं एकच. "काका, काच उघडा. काच उघडा."

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. म्हणाले, आणखी थोडा वेळ आत राहिला असता तर संपलं होतं. धुरातल्या त्या विषारी वायूला वास नसतो, म्हणाले. माणसाला नुसती झोप येते.

मी खंडूला विचारलं, शटर कुणी पाडलं?

तो म्हणाला, "आता त्ये मला काय म्हाईत? मी देवळात व्हतो. त्यांनीच घेतलं आसंल वढून, थंडी व्हती." मग म्हणाला, "पर त्या शटराचा आवाज पार देवळापत्तूर येतो. आज आला न्हाई."

विजयश्रीताई पहाटेच दवाखान्यात आल्या. चित्राच्या शेजारी बाकड्यावर बसल्या. मग त्याच सांगायला लागल्या. त्यांचे मिस्टर त्याच शेडमध्ये गेले होते. असेच थंडीचे दिवस. नवीन मॉडेल बाजारात यायचं होतं, कंपनीत रात्र रात्र काम, आणि त्यातून सुटले की ह्या गाडीपाशी. त्या रात्री गार वारं येतं म्हणून त्यांनी शटर ओढून घेतलं होतं. चालू इंजिनावर फट लावत होते. मग जरा टेकावं म्हणून मागच्या सीटवर बसले. सकाळी लोकांनी शटर उचललं तेव्हा पेट्रोल संपून गाडी बंद पडलेली, आणि ते बसलेले.

"मी सांगितलं असतं तर कुणी कामाला हातच लावला नसता," त्या चित्राला म्हणाल्या. "माझं चुकलं."

चित्रा म्हणाली, "आमचेही असेच आहेत. टेक म्हटलं तर टेकत नाहीत."

तिथं भुताखेताचं कोणी बोललं नाही. सदाशिवनं ते मला नंतर सांगितलं, घरी आल्यावर, एकदाच.

तो बरा झाला. डोकं दुखतं कधीमधी. कंपनी सोडली आणि गावाकडं गेला. तिथं अंबाजोगाईला छोटं गॅरेज टाकलंय, दुपारी शटर अर्धं ओढून झोपतो म्हणे... नाही, चुकलो. उघडंच ठेवून झोपतो. जुनी गाडी आली तर अजूनही करतो. पण एक व्हॉल्व्ह मुद्दाम जरा सैल ठेवतो. मालक म्हणतो आवाज येतोय, तर हा म्हणतो येऊ द्या.

पुढचा ट्रक हलला बघा. दिवे लागले. बसा नीट, निघू आता. एवढं राहिलेलं सांगतो.

हे मला कोणी सांगितलेलं नाही. हे मी पाहिलंय. त्या रविवारी सकाळी सदाशिव दवाखान्यात, म्हणून ताईंबरोबर गाडी द्यायला मीच गेलो. कोल्हापूरचा माणूस आला. मी शटर वर बांधून ठेवलं होतं दोरीनं. त्यानं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, आणि टिकटिक, टिकटिक, कानठळ्या बसतील अशी. त्यानं वाकून पत्ती घालून पाहिलं. म्हणाला, पुढचे दोनच लावलेत, बाकीच्यांना कोणी हात लावलेला नाही. चालेल, मी तिकडं करून घेईन. आणि गाडी आवडली त्याला. ट्रेलरवर चढवायला घेतली.

तेव्हा मी मागच्या काचेतून आत पाहिलं.

मागची सीट. डावीकडं सदाशिव बसला होता, तिथली सीट फुगून सरळ झालेली. उजवीकडं खळगा होता. माणूस बसल्यावर पडतो तेवढा. मला वाटलं स्प्रिंग तुटली असेल. मी दार उघडून खळग्याच्या शेजारी तळहातानं दाबून सोडलं. सीट वर आली. खळगा तसाच राहिला. आणि मी बघत असताना तो... हळूच जरा खोल गेला. जरा वर आला. परत खोल गेला. श्वासाएवढा.

मी मागं सरलो. ताई पुढं झाल्या. त्यांनी वाकून आत पाहिलं, बराच वेळ. हात पुढं केला आणि खळग्यावर नाही, त्याच्या थोडा वर, हवेत धरला. ट्रेलरवाला म्हणाला, चला, उशीर होतोय.

ताईंनी हात मागं घेतला. आणि त्या गाडीचं ते जड दार, दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता लावलं.